शार्क बघायला येतोस तर

प्रिय धाकट्या,

तुला आशीर्वाद, आईला नमस्कार. मी ठणठणीत आहे. खोकल्याचं तिला सांगू नकोस. तिचे गुडघे कसे आहेत?

पाण्याखाली बुडी मारून शार्क आणि मोठे मासे बघायला कुठली बोट घेऊ, असं विचारलंस. आठवडाभर बोटीवरच राहायचं असलं तरी फोटोतल्या गाद्यांना भुलू नकोस. भर समुद्रातल्या खडकांपर्यंत कोण नेतं ते विचार, मोठे मासे तिथेच येतात. प्रवाह जोराचा असतो, म्हणून नवशिक्यांनाही नेतो म्हणणाऱ्याच्या वाऱ्याला उभा राहू नकोस. "शार्क नक्की दिसणार" म्हणणारा थापा मारतो.

आमची बोट या सगळ्यात बसते. तरी तू शेजारची निळी घे. मी गाईड आहे असं तुम्हाला सांगत आलो, पण मी स्वयंपाकघरात आहे. पाहुण्यांजवळ बसायची आम्हाला मुभा नाही. तू आलास तर तुला साहेब म्हणून वाढावं लागेल.

सात वर्षांत "दादा, कधी येतोस?" असं तुझ्या एकाही पत्रात नाही. माशांसाठी मात्र चार पानं लिहिलीस.

आमच्याकडे एका फळीवर प्रत्येक पाहुण्याचा बिल्ला टांगलेला असतो. पाण्यात उतरताना तो उलटा करायचा, वर आल्यावर सुलटा. एक जरी उलटा दिसला तर बोट जागची हलत नाही.

घरी अशी फळी असती, तर माझा बिल्ला सात वर्षं उलटाच आहे, हे कोणाच्या तरी लक्षात आलं असतं.

तुझा,
दादा