दुसऱ्या भागाचा आवाज

१० जून

चि. बंड्यास,
अ. उ. आ.

फोन उचलत नाही म्हणून रागावू नकोस. उचलला तरी तुला नुसती हवा ऐकू येईल. गळ्यातली गाठ डॉक्टरांनी नीट काढली, पण काढताना आवाजाची नस दुखावली. आवाज कदाचित परत येईल, वाट बघा, असं ते म्हणतात. मोबाईलवर टाईप करायला माझे अंगठे तुझ्याइतके चपळ नाहीत, तेव्हा आपलं पत्रच बरं. लहानपणापासून मला गप्प बसवायला टपला होतास, झालं एकदाचं तुझ्या मनासारखं.

काळजी वेगळीच आहे. ऐकायच्या पुस्तकासाठी मी ती जाडजूड कादंबरी वाचतेय ना, तिचा पहिला भाग, आईने सांगितलेला, गाठ असतानाच वाचून पाठवला. दुसरा भाग मुलीने सांगितलेला आहे, तो तसाच पडलाय. त्यासाठी दुसरी वाचक घेऊ का, असं स्टुडिओच्या मालकांनी सुरुवातीलाच विचारलं होतं. मीच तोऱ्यात कळवलं की दोन्ही मीच वाचीन. आता त्यांचा रोज निरोप येतो आणि मी रोज सर्दी झाल्याचं कळवते. इतकी चिवट सर्दी त्यांनी जन्मात पाहिली नसेल.

रोज कपाटात जाऊन बसते. कपडे एका बाजूला सरकवलेले, दाराला आतून गादी, समोर माईक, सगळं जागच्या जागी. पहिली ओळ वाचायला तोंड उघडते आणि मिटते. बंड्या, हे एक पुस्तक तरी माझ्या आवाजात पुरं व्हायला हवं. उद्या आवाज आलाच नाही, तर निदान तेवढा तरी राहील.

चिमणी कॉलेजातून आली की स्वयंपाकाचं बघते. तुझी मुलगी असूनही गुणी आहे.

लोभ पुरवून वापर.

तुझी,
अक्का

१६ जून

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि ड्रायव्हिंगचा क्लास लवकर बंद केला. एका बाईंना आज रिव्हर्स शिकवायचा होता, त्या सुटल्या आणि मागची भिंतही वाचली. तुला गप्प बसवायला टपलो होतो खरा, पण असं नको होतं गं.

आता माझं ऐक. मालकांना आजच्या आज खरं कळव. काम अर्धं राहिलं यात लाज कसली? आजारपण कुणाला चुकलंय? पण हे सर्दीचं नाटक फार दिवस चालायचं नाही. ब्रेक लागत नाही असं कळलं की गाडी बाजूला घ्यायची, हॉर्न वाजवत पुढे जायचं नाही, हे मी रोज घसा फोडून शिकवतो आणि माझी सख्खी बहीण हॉर्न वाजवतेय.

पहिला भाग तुझा आहे, तो कोण काढून घेतंय? दुसरा मुलीचा, तर तो आपल्या चिमणीला वाचू दे. मात्र त्यांना सांगून, तिच्या नावाने. तुमचे दोघींचे आवाज असे सारखे, की फोनवर मी तुला दोनदा बेटा म्हणून बसलोय.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा,
बंड्या

८ जुलै

चि. बंड्यास,
अ. उ. आ.

तुझं निम्मं ऐकलं, म्हणजे नेहमीपेक्षा जास्तच. चिमणीला कपाटात बसवलं. मी बाहेर हेडफोन लावून बसते आणि चुकली की दारावर टकटक करते. सुरुवातीला बातम्या वाचल्यासारखं वाचायची. मग मी कागदावर लिहून देऊ लागले की इथे थांब, इथे श्वास घे, इथे रडू नकोस, ऐकणाऱ्याला रडू दे. पोरीने पटकन उचललं. आतून ऐकू यायचं ते माझंच वाटायचं, खोटं कशाला सांगू.

उरलेलं निम्मं मात्र ऐकलं नाही. माझ्याच नावाने पाठवलं. चिमणी दोन दिवस फुगून बसली होती. पण आवाज गेलेल्या बाईला पुन्हा काम कोण देईल? डॉक्टर वाट बघा म्हणतात, तेवढा वेळ मला काढायचाय. काल शेवटचं प्रकरणही गेलं आणि मालकांचा मोकळा मोकळा निरोप आला. कित्येक दिवसांनी काल मी पोटभर जेवले.

मला भाषण देऊ नकोस. प्रेम तेवढं पाठव.

तुझी,
अक्का

२७ जुलै

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही रागावणार हे धरूनच लिहिते. काल मालकांचा फोन आला. आत्या आंघोळीला गेली होती म्हणून मी उचलला. मी नुसतं हॅलो म्हटलं आणि ते मला आत्या समजून बोलतच सुटले. मीही मूर्खासारखी हं हं करत राहिले. त्यांनी सांगितलं की लेखिकेने पूर्ण पुस्तक ऐकलं आणि दुसरा भाग त्यांना फार आवडला. त्यामानाने पहिल्या भागात आवाज थकलेला, दबलेला वाटतो, तेव्हा तोही पुन्हा याच आवाजात वाचून हवा, असा त्यांचा आग्रह आहे.

मी सगळं खरं सांगून टाकलं.

संध्याकाळी ते घरी आले. चिडले असते तर बरं झालं असतं. आत्यासमोर बसून त्यांनी समजुतीने सांगितलं की सुरुवातीलाच कळवलं असतं तर दुसऱ्या भागावर माझं नाव घातलं असतं आणि आई-मुलीचे दोन आवाज म्हणून लेखिकाही खूश झाल्या असत्या. मग आमच्यासमोरच त्यांना फोन लावला आणि खूप समजावलं. ऐकून त्यांना वाईट वाटलं, पण एकदा कानात बसलेला आवाज आता निघत नाही, असं त्या म्हणाल्या. पहिला भाग तसा ठेवायला त्या तयार झाल्याच नाहीत.

आत्याने लगेच कागदावर लिहिलं की चिमणी वाचेल. मला विचारलंसुद्धा नाही. बाबा, मी वाचलं तर आत्याचं सगळं जाईल. मी नाही वाचलं तर दुसरं कोणी वाचेल आणि तरीही जाईल. मी काय करू?

आशीर्वाद असू द्यावा.

तुमची,
चिमणी

१ ऑगस्ट

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुला चांगलं फैलावर घ्यायचं म्हणून बसलो आणि रागच येईना. चिमणीला कळवलंय की आत्या सांगेल तसं कर. माझं एकच मागणं आहे. तुझा पहिला भाग त्यांच्याकडून मागून घे आणि मला दे. पुस्तकात नसला तर नसू दे, मी गाडीत लावीन. शिकणाऱ्यांचं लक्ष उडालं तरी चालेल. शनिवारी येऊ का?

लोभ आहे, तो धरून बस.

तुझा,
बंड्या

१९ ऑगस्ट

चि. बंड्यास,
अ. उ. आ.

येऊ नकोस. तू आलास की मला बोलावंसं वाटेल.

डॉक्टरांनी सांगितलं की आता वाट बघण्यात अर्थ नाही. ती नस गेली ती गेलीच.

तुझ्यासाठी पहिला भाग मागितला. मालक बिचारे ओशाळले. नवं वाचन ठरलं की जुनं पुसून टाकतात, चुकून तेच बाहेर जाऊ नये म्हणून. आणि वाचकाने पाठवलेलं आपल्याकडे ठेवायचं नाही, असा आमच्या कामाचा नियमच आहे. इतर बाबतीत मी कशी वागले ते तू पाहिलंस, हा नियम मात्र मी काटेकोर पाळला होता. तेव्हा तुला द्यायला माझ्याकडे काहीच नाही, बंड्या.

चिमणीने आज पहिलं प्रकरण घेतलं. नको नको म्हणत होती, मीच तिला आत ढकललं. ती छान वाचते. मी वाचलं होतं त्याहून छान, लेखिकेचं काही चुकलं नाही. मी नेहमीसारखी दाराबाहेर बसले होते. ऐकता ऐकता मला भरून आलं. आवरेना, मग आवरलंच नाही. तोंड उघडून, दाराला डोकं लावून रडले. आत ती न थांबता वाचत होती.

संपल्यावर, बाहेरचं काही आत आलंय का, ते तपासायला मी सगळं पुन्हा ऐकलं. काहीही आलेलं नाही. तेच पाठवून दिलं.

तुझा लोभ असू दे, आता त्याचीच गरज आहे.

तुझी,
अक्का