फोटोतले धाकटे

३ मार्च
आज रुजू झाले! थेट पंतप्रधानांच्या घरी फोटो सांभाळायची नोकरी म्हणजे लॉटरीच. खिडकीशी टेबल, आणि चहा न मागता येतो. साहेब कामात बुडालेले. घर बघतात त्यांच्या आई. मला सगळ्यांत आवडले साहेबांचे धाकटे भाऊ. थोरल्याच्या पुण्याईवर मंत्री झालो, असं स्वतःच हसत सांगतात.

९ मार्च
धाकट्यांच्या खात्यातल्या औषधखरेदीवरून पेपरांनी रान उठवलंय. सही त्यांची, पण फोन साहेबांचा होता, हे इथल्या माळ्यालाही ठाऊक आहे. साहेबांचे सचिव म्हणाले, निवडणुकीपर्यंत धाकट्यांना फोटोंतून काढा. या घरची रीतच आहे म्हणे. वाद झाला की माणूस आधी फोटोतून जातो. प्रचाराच्या सगळ्या फोटोंतून त्यांना पुसलं. पोटासाठी करावं लागतं.

१० मार्च
जेवताना धाकट्यांसमोर ताटच नव्हतं. वाढपी त्यांना ओलांडून पुढे गेला. चालायचंच, राजकारण आहे, असं ते म्हणाले. मला हसू आलं नाही.

१४ मार्च
सचिवांनी धाकट्यांच्या लग्नाच्या फोटोतूनही त्यांना पुसून घेतलं. धाकट्यांना पाहून त्यांची बायकोच किंचाळली. परका माणूस घरात शिरलाय म्हणून तिने पहारेकऱ्याला बोलावलं. मी धावत जाऊन जुना फोटो परत लावला. तिला त्यात नवरा दिसलाच नाही.

१५ मार्च
हात न लागलेला एकच फोटो उरलाय. आईंच्या कडेवर धाकटे, वर्षभराचे. तो मी लपवलाय. आई अजून त्यांना ओळखतात.

१६ मार्च
आई सगळ्यांना सांगतात, मला दोन मुलगे आहेत. साहेब म्हणतात, आईला भ्रम झालाय, परवा इस्पितळात ठेवू. ते खोटं बोलत नाहीयेत— त्यांना भाऊ खरंच आठवत नाही.

१७ मार्च
धाकटे आले. धूसर झालेत. म्हणाले, तो फोटो पुसून टाक, माझ्यापायी आईला वेडी ठरवतायत. मी नाही म्हटलं. मी रडले. त्यांनी हात जोडले—

पुसलं. काळीज फाटलं माझं.

१८ मार्च
इस्पितळाची गाडी रिकामी परत गेली. आई शांत. पण मांडीवर मीच परत दिलेला तो फोटो— त्यात हात तसाच वळलेला, कडेवर कुणी नाही. मला विचारतात, माझी कड का दुखते गं? रडू का येतंय?

सांगायलाच हवं. जवळ बसले. म्हटलं, आई, तुमचा तो—

आत्ता तर ओठांवर होतं— तुमचा—