कुमचा शब्द

पांचेवो, ५ ऑगस्ट १९८९

प्रिय रादोवान व देसांकावहिनी यांस,
स.न.वि.वि.

मिरच्यांची चटणी पोचली. बरणीचं झाकण रादोवाननं लावलं असणार. निम्मी पिशवीतच सांडली होती. मी आपल्या पोरीच्या, स्लाव्काच्या आजाराचं सगळं वाचून काढलं. माझं शिक्षण चार इयत्ता, पण बावीस वर्षं पंप दुरुस्त करतोय आणि हृदय म्हणजे पंपच. मधल्या पडद्याला भोक आहे, ते शिवायचं. शंभरातली चौऱ्याण्णव मुलं बरी होतात. करून टाका.

लोभाला गंज चढू देऊ नये.
आपला बोगोल्यूब

पिरोत, १२ ऑगस्ट

प्रिय बोगोल्यूब यांस नमस्कार.

सही केली. अठ्ठावीसला शस्त्रक्रिया. डॉक्टरीणबाई चित्र काढून समजावू लागल्या, काही विचारायचंय का म्हणाल्या. मी म्हटलं, पोरीच्या कुमनं, धर्मबापानं सांगितलंय, आता विचारायचं काय? देसांका चिडली. पण कुमचा शब्द आमच्या घरात कुणी मोडलेला नाही. स्लाव्काचा निरोप: धागा लाल वापरायला सांगा.

लोभ असाच राहो.
रादोवान

पांचेवो, १७ ऑगस्ट

प्रिय रादोवान,
स.न.

चुकलो. चौऱ्याण्णव हा आकडा दोन वर्षांखालच्या मुलांचा आहे. तळटीप मी वाचलीच नाही. मी, जो वॉशरसुद्धा दोनदा मोजतो! स्लाव्का नऊ वर्षांची. इतकी वर्षं जादा दाबानं रक्त गेलं की फुप्फुसातल्या नळ्या कडक होतात. मग भोक बुजवलं तर हृदयच कोंडतं. माझा शब्द मी परत घेतो, सही तुम्ही परत घ्या. बाईंना विचारा, दाब किती? अशी किती मुलं आली, किती घरी गेली? नाही केलं तर किती वर्षं? मग दोघं मिळून ठरवा. मला विचारू नका.

रागवा, पण लोभ तोडू नका.
बोगोल्यूब

पिरोत, ३० ऑगस्ट

बोगोल्यूबभावजींना देसांकाचा नमस्कार.

तिन्ही प्रश्न मीच विचारले. रादोवान खिडकीशी उभा होता. दाब फार आहे. सात आली, दोन घरी गेली. नाही केलं तर वयाच्या वीस-बावीसपर्यंत, तेही दम पुरेल तसं. आम्ही नको म्हणालो. बाई म्हणाल्या, पहिल्या वर्षी आणायला हवं होतं.

हे तुम्हाला कळवायचं नाही, अशी रादोवाननं शपथ घातलीय. पण तुम्हाला तपशील पुरा लागतो. ती वर्षाची असताना आम्ही तिला घेऊन दवाखान्यात निघालोच होतो, भावजी. अशी भोकं आपोआप बुजतात, असं तुमचं पत्र आलं. आम्ही बसची तिकिटं परत केली.

सोमवारी शाळा सुरू. वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे. रादोवान तिला उचलून नेईल.

लोभ आहे. तो कमी करणं मला अजून जमलेलं नाही.
देसांका