सियाचा शेवटचा फोन

डुलुथ, मिनेसोटा
८ फेब्रुवारी २०२४

तीर्थरूप बाबांस,
कृ. सा. न. वि. वि.

जावयाचं पत्र तुरुंगातून येईल, असं तुम्हाला कधी वाटलं नसेल. परवा शॉमबर्गला सियाचे अंत्यसंस्कार आहेत, हे मला वकिलांकडून कळलं. एका दिवसासाठी सोडा असा अर्ज केला होता. न्यायाधीशांनी नाही म्हटलं.

तिला तळ्यातून बाहेर काढलं तेव्हा मी काठावरच उभा होतो. मी तिला मारलेलं नाही, बाबा. अटक मुख्यतः तुमच्या जबानीवरून झाली, असं डिटेक्टिव्ह लार्सन म्हणाल्या. त्याबद्दल आता काही लिहवत नाही. एकच मागणं आहे. तिच्या पायात लोकरीचे मोजे घाला. तिला थंडी अजिबात सोसायची नाही.

बायपासला तीनच महिने झालेत, गोळ्या चुकवू नका.

तुम्ही मानत नसलात तरी तुमचाच,
ओजस

शॉमबर्ग, इलिनॉय
६ मार्च २०२४

चि. ओजसराव यांस,
आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

काल लार्सनबाईंचा फोन आला. तुमच्या रस्त्यावरचा बर्फ काढणाऱ्या माणसाने कबुली दिली. तो प्यायलेला होता. फिरायला निघालेल्या सियाला त्याच्या ट्रकची धडक बसली. ती जिवंत होती, हॉस्पिटलला न्या म्हणत होती. आपण पकडले जाऊ म्हणून त्याने तिला तळ्यात ढकललं. ट्रकच्या बर्फ लोटायच्या पात्यात तिच्या स्कार्फचे धागे सापडले. तुम्हाला सोडलं, हेही बाईंनीच सांगितलं.

ती गेली, त्याआधीच्या आठवड्यात सियाने मला रडत फोन केला होता. या घरात आता राहवत नाही, एवढंच म्हणाली. खोदून विचारलं, तर फोन ठेवला. मी समजलो, तुम्ही तिला छळता. पोलिसांना तसंच सांगितलं.

तुमचं पत्र मी फोडलंच नव्हतं. काल रात्री फोडलं. मोजे राहिले, ओजसराव. दाहिनीचं बटणही मीच दाबलं. तो हक्क तुमचा होता.

माफी कुठल्या तोंडाने मागू?
मोरेश्वर

डुलुथ
१७ मार्च २०२४

तीर्थरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र चार वेळा वाचलं. उत्तर लिहायला उशीर झाला, कारण आधी फक्त राग येत होता. तो अजून गेलेला नाही.

त्या फोनचं कारण सांगतो. सियाला दिवस गेले होते. जानेवारीत, तिसऱ्या महिन्यात, सगळं संपलं. बाळासाठी रिकामी केलेली खोली रोज डोळ्यांसमोर यायची, म्हणून तिला इथे राहवत नव्हतं. तुमचं हृदय नाजूक म्हणून बाबांना कळवायचं नाही, अशी तिने मला शपथ घातली होती. मी पोलिसांना सांगितलं, पण ते तुमच्या कानावर घालू नका, अशी विनंतीही केली. कोठडीत रोज वाटायचं, तुम्हाला सांगून टाकावं. शपथ मोडवली नाही. आज मोडतोय. ती असती तर खूप रागावली असती.

तुम्ही माझ्यावर असा संशय घेतलात, हे मी विसरेन असं खोटं लिहीत नाही. पण गेल्या महिन्याभरात तिच्यासाठी माझ्याइतकं रडलेलं माणूस एकच आहे, आणि ते तुम्ही आहात. इथे माझ्याशी तिच्याबद्दल मराठीत बोलायला कोणी नाही.

शुक्रवारी सकाळी निघून ड्राइव्ह करत येतोय. माफीचं काही काढू नका. ती लहानपणी कशी होती, ते सांगा. मला माहीत नसलेलं सगळं सांगा.

दार उघडं ठेवा,
ओजस