नाटकातल्या मापाचा साज

मी रुक्माबाई कोम परशराम पोतदार, वय सुमारे चौसष्ट, राहणार कसबे निपाणी, तालुका चिकोडी, जिल्हा बेळगाव, आज राजीखुशीने, कोणाच्या भिडेने किंवा धाकाने नव्हे, हे मृत्युपत्र लिहवून ठेवते. डोळ्यांत मोतीबिंदू आहे, गुडघे गेले आहेत, पण डोके जागेवर आहे. धंदा या शब्दापुढे श्रीपादराव वकिलांनी 'घरकाम' असे लिहिले होते, ते मी खोडायला लावले. सराफाच्या दुकानाची पाटी आयुष्यभर मीच होते, आणि पुढची हकीकत त्याशिवाय कळणार नाही.

माझे यजमान नवा घाट घडवीत, तो आधी माझ्या गळ्यात पडे. मग मी तो घालून हळदीकुंकवाला, बारशाला, जत्रेला जायचे. बायका बोट लावून बघत, आणि दुसऱ्या दिवशी दुकानात मागणी येई. वज्रटीक, मोहनमाळ, ठुशी, सगळे माझ्या अंगावरून गेले, राहिले एकही नाही. लोक म्हणत, रुक्मा काय नशीबवान, रोज नवा दागिना! मी हसायचे. घरी आले की काढून कापसात ठेवायचा आणि रिकाम्या गळ्याने भाकरी थापायच्या.

कलम पहिले. राहते घर दिरांचे, म्हणजे हरिभाऊंचे आहे. त्यावर माझा हक्क नाही आणि हट्टही नाही.

कलम दुसरे. यजमानांची ऐरण, फुंकणी, सांडशी आणि साजाच्या पानांचे मोठे ठसे आमचा जुना कारागीर भरमू यास द्यावेत. हरिभाऊंना ठसा कसा धरावा हे ठाऊक नाही. त्यांना तराजू कळतो, आणि तराजू दुकानात आहेच.

कलम तिसरे. माझी लुगडी आणि तांब्याची भांडी घरी कामाला येणाऱ्या मनुबाईंना द्यावीत, त्यांनी माझ्या दुखण्यात शेक दिला. शेजारच्या शालूबाईंना मोठा आरसा द्यावा. तो का, हे पुढे येईल.

कलम चौथे, ज्यासाठी वकिलांना बोलावले.

माझ्या लोखंडी पेटीत सोन्याचा एक कोल्हापुरी साज आहे. तो चालू मापाच्या दुप्पट आहे. चंद्र, मासा, कासव, बेलपान ही सगळी पाने त्यात आहेत, आणि मधला पेंडा, म्हणजे पदक, रुपयापेक्षा मोठा आहे. तो इतका मोठा कसा झाला ते सांगते. वकील म्हणतात हे मृत्युपत्रात लागत नाही. लागते.

आमच्याकडे तंबाखूच्या एका वखारीत मांडव घालून नाटक कंपनी उतरली होती. नायिकेचे काम करणाऱ्या नटासाठी साज हवा म्हणून मॅनेजर यजमानांकडे आले. शेवटच्या रांगेतल्या माणसाला पेंडा दिसला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. यजमानांनी भरमूकडून नवे ठसे कोरून घेतले आणि पितळेवर सोन्याचे पाणी देऊन दुप्पट मापाचा साज केला. पहिल्या खेळाला मी बायकांच्या बाजूला बसले होते. गॅसबत्तीत तो नट मान वळवून उभा राहिला, पाने लकाकली, आणि आमच्या अंगाला चक्क काटा आला. नाटक काय होते ते कुणाला आठवत नव्हते. साज सगळ्यांना आठवत होता.

दुसऱ्या दिवशी तंबाखूवाल्या जयाबाई दुकानात हजर. म्हणाल्या, अगदी तसाच पाहिजे, शंभर नंबरी सोन्याचा. यजमानांनी परोपरीने सांगितले की ते माप लांबून बघायचे आहे, घरात माणसे हातभर अंतरावर बसतात. त्या ऐकेनात. म्हणाल्या, कमी कराल तर मी नाटकातला न्हाय म्हणंन. मग नाटकातल्या मापाचाच घडवला.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला त्या साज घालून आल्या. जयाबाई अंगाने बारीक, मान आखूड. साज पोटापर्यंत आला. सगळ्या पेंड्याकडे बघत होत्या, आणि तेवढ्यात शालूबाई म्हणाल्या, "अगंबाई, औंदा बेंदूर लई लवकर आला की गं!" बेंदराला बैल सजवतात, हे काय कुणाला सांगायला हवे? जयाबाई रडत उठल्या. साज दुसऱ्या दिवशी दुकानात परत आला, आणि पुढे सहा महिने कुणी नाटकातले माप मागितले नाही. शालूबाईंना आरसा द्यायचा तो एवढ्यासाठी. त्यांनी रोज त्यात बघावे आणि काय वाटते ते सांगावे.

यजमान साज आटवायला निघाले. मी म्हटले, थांबा जरा. मला कळत नव्हते की जी वस्तू मांडवात डोळे दिपवते ती घरात हसू का आणते. सोने तेच, कारागीर तोच. मग अडते कुठे? गळ्यात, की बघणाऱ्याच्या डोळ्यात, की मधल्या अंतरात? यजमान हसले. त्यांनी साज माझ्या हातात ठेवला आणि हरिभाऊंच्या समक्ष म्हणाले, "आजवर लोकांचं घालून मिरवलीस. ह्यो तुझा. काय शोधायचं ते शोध." सबब हा साज माझे स्त्रीधन आहे. हरिभाऊ तेव्हा तिथेच होते, आता त्यांना आठवत नसले तरी.

मी तो थोडी वर्षे घातला. यजमान गेले त्या दिवशी बायकांनी माझ्या गळ्यातून काढला आणि मी पेटीत ठेवला.

पुढे माझा मुलगा ज्योतिबा लग्न होऊन तिसऱ्या वर्षी विषमज्वराने गेला. त्याची बायको विद्युल्लता बेळगावची, इंग्रजी तिसरी शिकलेली, उंच, सावळी. तिच्या अंगावरचे दागिने तिच्या माहेरी गेले आणि ती माझ्यापाशी राहिली. ती मला आत्या म्हणते. आम्ही दोघी बिनदागिन्यांच्या, पण दुसऱ्यांच्या गळ्यांबद्दल बोलण्यात आमचा दिवस जातो. कोल्हापूरला बोलपट पाहून आलो तेव्हा तिनेच मला विचारले, आत्या, नायिकेच्या गळ्यात एकच सर का हो? मी विचार केला. पडद्यावर तोंडच खिडकीएवढे दिसते, मग दागिना मोठा कशाला? आता निपाणीच्या पोरी डूल आणि बारीक साखळ्या मागतात, आणि हरिभाऊ जुने साज आटवून साखळ्या ओढवून घेतात.

मागच्या उन्हाळ्यात दुपारी मी माजघरात गेले, तर माझी पेटी उघडी आणि विद्युल्लता साज गळ्यात घालून उभी. मला बघून पांढरीफटक पडली. काढायला लागली, तर गोंडा केसांत अडकला. मला राग यायला हवा होता. आला नाही. मला फक्त बघायचे होते.

"काढू नको," मी म्हटले. "मागं सर. अजून. दाराशी हुबी ऱ्हा, लांबनं बघू दे."

ती दाराशी गेली, मान वर केली, आणि साज बसला. पेंडा जिथे पडायला हवा तिथे पडला. मग जवळ बोलावले, तरी बसला. इतकी वर्षे मी अंतर मोजत बसले होते, आणि त्या मापाचा गळा माझ्याच घरात भाकऱ्या भाजत होता. मला फार आनंद झाला, आणि लगेच फार वाईट वाटले, कारण ती विचारत होती, "आत्या, कुणाला सांगणार न्हाय न्हवं?"

साज विद्युल्लतेला द्यायचा, हे हरिभाऊंना मी स्वतःच सांगितले. ते म्हणाले, "वैनी, साज म्हंजे सवाशिणीचा मान. दोन विधवांच्या घरात त्यो कशाला? मरायच्या आधी आटवून टाका, न्हायतर मी आटवीन." मी त्यांना विचारले की वखारीत मिशी काढलेल्या पुरुषाच्या गळ्यात तो मान चालला, गावाने टाळ्या वाजवल्या, तुम्हीही वाजवल्यात. मग माझ्या सुनेच्या गळ्यात का चालत नाही? त्यांनी विडी पेटवली. हा प्रश्न मी खोडी म्हणून विचारला नव्हता. मला खरेच जाणून घ्यायचे आहे, आणि अजून कुणी सांगितलेले नाही.

म्हणून लिहून ठेवते की सदर साज माझी सून विद्युल्लता कोम ज्योतिबा पोतदार हिला पूर्ण मालकी हक्काने द्यावा. तिने तो जत्रेत घालावा, देवळात घालावा, पुन्हा लग्न करावेसे वाटले तर बोहल्यावर घालावा, न केले तरी घालावा. विकायचा झाला तर तिनेच विकावा. आटवण्याचा अधिकार हरिभाऊंना किंवा त्यांच्या वारसांना नाही.

कलम पाचवे आणि शेवटचे. माझ्यामागे हरिभाऊ म्हणतील की म्हातारी भ्रमली होती. त्यासाठी डॉक्टरांना मुद्दाम बोलावले. त्यांनी वार विचारला, राजा कोण ते विचारले, सोन्याचा भाव विचारला. भाव त्यांनाच ठाऊक नव्हता, मी सांगितला. मग मी विद्युल्लतेला पेटीतून साज आणायला सांगितला आणि सगळ्यांसमोर माझ्या गळ्यात बांधवून घेतला. हरिभाऊ दारात उभे होते, ते निघून गेले. छत कोसळले नाही. मनुबाई चहा घेऊन आल्या, त्यांनी नुसते कप ठेवले.

माझ्या गळ्यात तो आताही मोठाच होतो. तेव्हा सही झाली की मी तो काढून तिच्या गळ्यात बांधणार आहे, आणि परवा अष्टमीला तिला घेऊन देवीला जाणार आहे. लोक काय म्हणतात ते मेल्यावर मला कसे कळणार? मला ऐकायचे आहे. हे कागद वाचाल तेव्हा साजासाठी पेटी उघडू नका. सुनेकडे बघा.

सही : रुक्माबाई कोम परशराम पोतदार (मोडी)

लिहिणार : श्रीपाद अनंत देशिंगकर, वकील

आम्ही खाली सही करणार लिहून देतो की बाईंनी वरील मजकूर वाचवून घेऊन, शुद्धीवर असताना, सदर साज गळ्यात घालून आमच्यासमक्ष सही केली.

साक्षीदार :
१. डॉ. गुंडोपंत शिवराम हुद्दार
२. नागोजी बाळाप्पा चौगुले, तंबाखूचे व्यापारी

मुक्काम निपाणी, आश्विन शुद्ध षष्ठी, शके १८६०