‘सायरन’ची पट्टी

९ नोव्हेंबर, रविवार

भांडण! तेही बेसिल नोरोन्हावरून, माझ्या गरम पोह्यांसमोर.

झालं असं — बेसिलचा पहिला अल्बम, ‘सायरन’, छत्तीस वर्षांनी इंटरनेटवर आला. त्याची कंपनी केव्हाच बुडालेली. आमच्या ग्वाल्हेरात ज्याच्याकडे ‘सायरन’ आहे, त्याच्याकडे ती दौलतगंजच्या गोविंदभाऊंनी भरून दिलेली कॅसेटच. आमच्या लेकीनं, हर्षितानं, फोनवर नवा लावला. अर्ध्या मिनिटात तिच्या पप्पांचा, म्हणजे केदारचा, चेहरा पडला.

“बंद कर! ह्याचीही वाट लावली!”

विक्रमसिंह तर उठून उभेच राहिले. “वहिनी, ये तो सरासर धोका है. आपलंच जुनं गाणं धीमं केलं, बुढापा छुपाने को!”

हे दोघं म्हणजे कॉलेजच्या बँडचे गायक आणि ड्रमर. दर रविवारी आमच्या जयेंद्रगंजच्या बैठकीत बसून एकच घोकतात — बेसिलचे नंतरचे अल्बम भिकार, माणूस संपला, पट्टी उतरवली. मला मात्र त्यांतला ‘ढलान’ मनापासून आवडतो. कसा निवांत गातो त्यात! पण मी बोलले की दोघं माझ्याकडे असे बघतात, जणू मी आमटीत साखर ओतली!

हर्षिता म्हणाली, “पप्पा, अख्खा अल्बम धीमा करायची इतकी मेहनत कोण करेगा?” तिलाही ओरडा बसला.

पण खरंच, करेल का कोणी? मला कळायलाच हवं.

१० नोव्हेंबर

दुपारी पेटी काढली. आधी धूळ पुसली, मग सूर जुळवून पाहिले. कॅसेटवरचं ‘सायरन’, अल्बमच्याच नावाचं गाणं — काळी दोन. फोनवरचं — काळी एक, म्हणजे एक पूर्ण सूर खाली. आणि ‘ढलान’? काळी एक!

आं?

११ नोव्हेंबर

मला वाटलं, आमचा टेप जोरात पळतोय. म्हणून आईची भजनांची कॅसेट लावली, दुकानातून विकत घेतलेली. सूर चोख. टेप बरा आहे.

मग हर्षितानं घड्याळ लावलं. कॅसेट साठ मिनिटांत आटोपते. फोनवर सदुसष्ट. “मम्मी, सिर्फ आवाज नाही, ड्रम पण तेवढेच धीमे आहेत. सगळं एकाच हिशोबानं.” पोरगी हुशार आहे हो! कोणाचं तरी मशीन चुकतंय. इंटरनेटवाल्यांचं, की कॅसेट भरणाऱ्याचं?

केदारला काही बोलले नाही.

१२ नोव्हेंबर

का बोलले नाही, ते इथे तरी लिहावं.

मी बँडमध्ये पेटी वाजवायचे. कॅसेटवरून सूर काढायचे आणि तोच सगळ्यांना द्यायचे. गिटारी त्यावर लागायच्या. केदार दीड वर्ष त्या पट्टीत गायला — मान ताठ, शिरा फुगलेल्या. एकदा मीच म्हटलं, “एक पट्टी खाली घेऊ या ना.” तर भडकला. “हे ग्वाल्हेर आहे! गुरूची पट्टी उतरवायची तर गायचंच कशाला?” पुढे मी गप्प बसले. सूर देत राहिले.

त्र्याण्णवला मेळ्यात, ‘सायरन’च्या शेवटच्या वरच्या सुराला त्याचा घसा फाटला. रुमालावर रक्त! डॉक्टरांनी सहा महिने बोलू दिलं नाही. आवाज परत आला तो हा असा, खरखरीत. तेव्हापासून गाणं बंद. गणपतीतही नुसती झांज वाजवतो, आरतीला ओठ हलत नाहीत. फार आग्रह केला तर म्हणतो, “बेसिलला जमलं, मला नाही. बस.”

आणि जर त्यालाही जमलं नसेल तर? तो त्या पट्टीत गायलाच नसेल तर?

गोविंदभाऊंनाच गाठून विचारायला हवं.

१४ नोव्हेंबर

दौलतगंज. गोविंदभाऊ आता मिक्सर दुरुस्त करतात. ऐंशीच्या घरात आहेत, पण मला लगेच ओळखलं. “पेटीवाली मधुवंती ना तू?”

मी सरळ ‘सायरन’च्या कॅसेटचं विचारलं. त्यांनी पेचकस खाली ठेवला.

“बाई, तो अल्बम होता सदुसष्ट मिनिटांचा. तुम्हा पोरांना साठचीच कॅसेट पाहिजे. नव्वदची गुंतायची, फीत पातळ. मग शेवटचं गाणं कापायचं का? माझ्या जिवावर यायचं! मी वाजवायच्या मशीनची मोटर थोडी जोरात केली. बसलं की सगळं!”

“सगळ्यांना तशीच भरून दिलीत?”

“सगळ्यांना. कोणी तक्रार नाही केली कधी.”

केवढ्या अभिमानानं सांगत होते! त्यांनी चहा मागवला. तो प्यायले. येताना इंदरगंजच्या चौकात पाच मिनिटं नुसती उभी राहिले. ह्या माणसावर रागावताही येत नाही.

म्हणजे बेसिल पहिल्यापासून काळी एकमध्येच गात होता. त्याची पट्टी उतरलीच नाही! नंतरच्या अल्बमना तीस वर्षं उगाच शिव्या घातल्या आम्ही.

वाद मी जिंकले. सांगू कोणाला?

१५ नोव्हेंबर

नाही सांगितलं. भाजीही करपली.

१६ नोव्हेंबर, रविवार

सांगितलं. विक्रमसिंहांसमोरच, कारण एकटीला धीर होईना. पेटी पुढ्यात घेतली, तिन्ही गाणी लावली, तिन्हींचे सूर दाखवले. मग गोविंदभाऊंचं सगळं.

विक्रमसिंह डोकं धरून बसले. “मतलब ‘ढलान’ ठीक था? और हम सब…” मग त्यांनी केदारकडे बघितलं.

मी म्हटलं, “केदार, तो सूर मी दिला होता. माझं चुकलं रे.”

तो उठला, चपला घातल्या, गेला. संध्याकाळी परतला. जेवला.

१७ नोव्हेंबर

अजून नाही बोलला. हर्षिता म्हणते, “मम्मी, सांगायलाच नको होतं.” असेलही. पण मला माहीत आणि त्याला नाही, असं मी किती दिवस राहिले असते?

१८ नोव्हेंबर

सकाळी चहा गाळत होते. मागून खरखरीत आवाज आला — “मधु, दीड वर्ष गायलो ना मी ते? काळी दोनमध्ये?”

“गायलास की. रोज.”

त्यानं कप पुढे केला. मग म्हणाला, “म्हणजे तो वरचा सूर बेसिलनं कधी लावलाच नाही. मी लावला!”