गादीच्या प्लास्टिकमधलं लिंबाचं झाड

४ मार्च

ती. मामांना,
भुंगीचा सा. न. वि. वि.

रोपवाटिकेची जागा सोडावी लागणार, हे आईनं सांगितलं. मामी जाऊन महिना होत नाही तोच हे. काय लिहू कळत नाही, म्हणून झाडाबद्दलच लिहिते. मामीनं बी लावून वाढवलेलं लिंबाचं झाड तेवढं तुम्ही दादाकडे राहायला जाताना त्याच्या तिसऱ्या मजल्यावर नेणार आहात ना? नऊ वर्षांत पहिल्यांदा कळ्या आल्यात म्हणे!

मामा, हलवण्याआधी त्याची निम्मी पानं काढाल ना? तीस वर्षं गिऱ्हाइकांना तुम्हीच हे सांगता, आणि मी तुम्हाला शिकवतेय! पण गप्प बसले तर भुंगी कसली. पाणी पिण्याचं काम मुळांच्या टोकाकडचे केसांसारखे बारीक धागे करतात आणि उपटताना नेमके तेच तुटतात. पानांना ते माहीतच नसतं. ती आपली खालच्या बाजूच्या बारीक भोकांतून पाणी हवेत सोडतच राहतात. पुस्तकात याला बाष्पोत्सर्जन म्हणतात. हा शब्द म्हणता म्हणताच घसा कोरडा पडतो, असं मामी म्हणायची.

आम्ही दोघींनी पांढरं फूल निळ्या शाईत ठेवलं होतं, आठवतं? पाकळ्यांत निळ्या रेघा चढल्यावर तिनं अख्ख्या गल्लीला बोलावून दाखवलं होतं.

जेवत जा. माया अशीच पाझरत राहू दे.

तुमची,
भुंगी

११ मार्च

चि. भुंगीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र झाड हलवायच्या आदल्या दिवशीच मिळालं. म्हणजे चूक न कळता झाली, असंही म्हणायची सोय नाही.

पानं नाही काढली. तुझी मामी मला कसाई म्हणायची, माहीत आहे ना? गाडीत चढणारं प्रत्येक रोप मी निम्मं बोडकं करायचो. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तिनं बजावलं होतं, की माझ्या लिंबाला कात्री लावायची नाही. सात कळ्या होत्या. रोज सकाळी मी जाऊन मोजायचो आणि तिला आकडा सांगायचो.

आता झाड गॅलरीत आहे आणि सगळी पानं मान टाकून बसलीत. मी दिवसातून चार वेळा पाणी घालतो. कुंडीत नुसता चिखल झालाय. इतकं पाणी असून तहान कसली, असं दादा विचारतो. ह्याच प्रश्नावर मी गिऱ्हाइकांना हसायचो. आज मीच तांब्या घेऊन उभा आहे.

सूनबाई जिवापाड जपते. माझ्यासाठी नवी गादी आणलीय. एकेरी.

अभ्यास सोडून माझी काळजी करू नकोस. येत जा, म्हणजे घर बोलतं राहील.

मामा

१५ मार्च

ती. मामांना,
सा. न. वि. वि.

आधी तांब्या खाली ठेवा! चिखलात मुळांना श्वास घेता येत नाही, उरलीसुरली पण कुजतील. आणि निम्मी पानं काढा. कळ्यासुद्धा. मामी रागावेल, तर माझं नाव सांगा. अगदीच हात धजत नसेल, तर झाड सावलीत घ्या आणि त्याच्यावर स्वच्छ प्लास्टिक घाला, नव्या गादीवरचं चालेल. सकाळी आतून थेंब दिसतील. ते पानांनी सोडलेलं पाणी. थेंब येतायत तोवर जीव आहे.

आता एक कबूल करते. डिसेंबरात मामीनं मला चिठ्ठी पाठवली होती. झाडाला हृदय नसतं, मग पाणी एवढं वर कोण चढवतं, असं विचारलं होतं. परीक्षा झाली की प्रत्यक्ष भेटून सांगीन म्हटलं, आणि मग राहूनच गेलं. उत्तर सोपं होतं हो. कोणी ढकलत नाही. वरती पान पाणी गमावतं, म्हणून खालचं ओढलं जातं. दोन ओळींचं उत्तर, मामा. मी दोन ओळी लिहिल्या नाहीत.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी येते. पण कात्रीसाठी माझी वाट बघू नका.

रागवा, पण लोभ तोडू नका.

भुंगी

२५ मार्च

चि. भुंगीस,
अनेक आशीर्वाद.

गादीचं प्लास्टिक घातलं. पहिल्या सकाळी आत थेंबच थेंब होते. मी स्टूल घेऊन समोर बसलो आणि तुझं दोन ओळींचं उत्तर झाडाला मोठ्यानं वाचून दाखवलं. सूनबाईनं ऐकलं असणार, पण चहा ठेवून गुपचूप आत गेली.

मग सहा कळ्या गळल्या. सातवी मात्र प्लास्टिकच्या आतच उमलली. तेव्हा तर कात्री हातात घेऊन परत ठेवली. अशी एक कळी उमललेली बघायला तुझ्या मामीनं किती वर्षं वाट पाहिली होती.

आज प्लास्टिक आतून कोरडं होतं. फांदी नखानं खरवडून पाहिली. आत हिरवं नाही. ह्या धंद्यात एवढं तरी मला कळतं.

तेव्हा कुठे कात्री लावली. ते एक फूल देठासकट कापलं, नातीची निळी शाई पाण्यात घालून पेला भरला आणि त्यात ठेवलं. तुला दाखवावं म्हणून. पण शनिवारपर्यंत टिकायचं नाही, म्हणून लिहून कळवतो.

खाली मूळ नाही, झाड नाही, तरी तासाभरात पाकळीच्या कडेला निळी रेघ चढली. मी हाक मारायला तोंड उघडलं, भुंगे. तुझ्या मामीचं नाव अर्धं बाहेरही पडलं.

सावकाश ये.

मामा